चीक

“बाई, हा कुठल्या झाडाचा चीक?”

विचारणारी सहावीतली होती. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी आणि दोन्ही हातांच्या मध्ये लोंबणारी पांढऱ्या गोळ्याची झोळी. झोळी हळूहळू खाली उतरायची, जमिनीला टेकायच्या आत ती हात वर घ्यायची, की पुन्हा नवी झोळी. 28 फेब्रुवारी, विज्ञान दिन. कर्जतहून कशेळ्याच्या पुढे, भीमाशंकरच्या डोंगराकडे तोंड करून बसलेली जिल्हा परिषदेची शाळा. व्हरांड्यात ओळीने स्टीलचे पेले मांडलेले आणि प्रत्येक पेल्याभोवती चार-पाच डोकी.

मी म्हटलं, “झाडाचा नाही गं, बाटलीतला आहे. दुकानात मिळतो.” बाकीची मुलं हसली. ती गप्प झाली, गोळा शेजारच्या मुलाच्या हातात दिला आणि हात धुवायला नळावर गेली.

परतीच्या वाटेवर ते माझ्या मनातून जाईना. कर्जतच्या एका शाळेत मी वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यापासून तालुक्यातल्या लहान शाळांत प्रयोगांची पिशवी घेऊन जाते. पोराचा प्रश्न कुठे चुकतो आहे हे ओळखायची सवय हाडात मुरली आहे. हा प्रश्न कुठेच चुकला नव्हता. हातात काहीतरी ताणलं जातंय, चिकटतंय, तुटता तुटत नाहीये, तर ते ज्यातून पाझरतं असं एक झाड असणार, इतका सरळ विचार होता. तिच्या रानात तसंच असतं. आणि मी तिला बाटली दाखवली.

प्रयोग तसा सोपा आहे. दोन चमचे फेविकॉल, त्यात दोन चमचे पाणी घालून ढवळायचं. दुसऱ्या पेल्यात अर्धी वाटी कोमट पाणी, त्यात अर्धा लहान चमचा टाकणखार. हे टाकणखाराचं पाणी चमचा-चमचा करून पहिल्या पेल्यात ओतायचं आणि ढवळत राहायचं. दुसऱ्या-तिसऱ्या चमच्याला पेल्यातलं पांढरं दूध एकाएकी चमच्याभोवती गोळा होतं. या क्षणाला मुलांच्या तोंडून जो आवाज निघतो तो ऐकण्यासाठी मी कितीही लांबच्या शाळेत जाईन. मग गोळा बाहेर काढून तळहातावर मळायचा. हळू ओढला तर तो सुतासारखा लांबतो, झटका दिला तर खटकन तुटतो, आणि पाटीवर ठेवून दिला तर थोड्या वेळाने पाटीभर पसरून बसतो.

टाकणखार मी कर्जतच्या बाजारातून काष्ठौषधीच्या दुकानातून आणते. जुन्या बायका त्याला सवागी म्हणतात. सोनाराकडे तो असतोच. सोन्याला डाक देताना तो वितळून काचेसारखा पसरतो आणि जोडावरची काजळी खाऊन टाकतो. संस्कृतात त्याचं नाव टंकण. लडाखमधल्या पुगा खोऱ्यात आणि तिबेटातल्या खाऱ्या तळ्यांच्या काठी तो जमिनीवर फुलून येतो. एके काळी मेंढ्यांच्या पाठीवर लादलेल्या लहान लहान थैल्यांतून हिमालयाच्या खिंडी ओलांडून तो खाली यायचा. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्याला टिंकाल म्हटलं, ते आपल्या टंकणावरूनच. या पांढऱ्या चिमटीमागे एवढी पायपीट आहे हे मी मुलांना नेहमी सांगते. दुसरंही सांगते, आणि ते ठासून सांगते: हा पोटात जायचा पदार्थ नाही. टाकणखाराचा डबा माझ्याच हातात राहतो. बोटाला चीर असलेल्या मुलाने गोळा मळायचा नाही, आणि नळावर साबणाने हात धुतल्याशिवाय खिचडीच्या ताटाला हात लावायचा नाही. पहिली-दुसरीच्या पोरांना तर मी हा गोळा देतच नाही. ती काहीही तोंडात घालतात. त्यांच्यासाठी वेगळं आहे, ते पुढे येईल.

त्या दिवशी एका गटाने घाईघाईने टाकणखाराचं सगळं पाणी एकदम ओतलं. गोळा झाला, पण ताणला जाईना. ओढला की चिरडीला आल्यासारखा तुकडे तुकडे होई. दुसऱ्या गटातल्या मुलाने पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद आणून आपल्या गोळ्यात कालवली. त्याला पिवळा गोळा हवा होता, झाला तांबूस. सगळे धावत आले. स्वयंपाकाच्या ताईसुद्धा पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, “हे तर कुंकवासारखं झालं.” खरंच आहे. हळकुंडांपासून कुंकू करताना सवागी लागते. हळद अशा खाराला भेटली की लाल होते. मला हे शिकवायचं नव्हतं, पण त्या दुपारी जे सर्वांत चांगलं शिकवलं गेलं ते हळदीने आणि ताईंनी.

मग आम्ही अंगणात उतरलो. मी मुलांना म्हटलं, आता तुम्ही सगळे रेणू व्हा. आधी नुसते घोळक्याने उभे राहा. त्या घोळक्यातून मी सहज आरपार चालत गेले. मग सहा-सहा जणांनी हात धरून साखळ्या केल्या, गौरीच्या फेरात धरतात तसे. आता त्यांच्यातून जाणं अवघड झालं, पण साखळ्या एकमेकींवरून सरकत होत्या. मग दोन मुलांना मी टाकणखार केलं. त्यांनी एका हाताने एका साखळीतल्या कुणाचं तरी मनगट धरायचं, दुसऱ्या हाताने दुसऱ्या साखळीतल्या कुणाचं. सगळं अंगण एकदम जड झालं. कुणी पळू बघितलं तर त्याच्यामागे आठ जण ओढले जात. “जोरात हिसका बसला तर सोडा, आणि लगेच जवळ येईल त्याला धरा,” असं टाकणखारांना सांगितलेलं होतं. पाटीवरच्या गोळ्यात हेच चाललेलं असतं: धरणं, सोडणं, पुन्हा दुसऱ्याला धरणं. हळू ओढलं तर हात बदलायला वेळ मिळतो आणि गोळा लांबतो. हिसका दिला तर तो वेळ मिळत नाही आणि गोळा तुटतो. ज्या गटाचा गोळा चिरफाळला होता त्यातला एक जण आपणहून म्हणाला, “आमच्यात टाकणखार जास्त झाले. हलताच येईना.” फळ्यावर मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

घोळका की साखळी, हा वाद एके काळी मोठ्या माणसांत झाला होता. रबर, पिष्ट, कापूस, प्रथिनं हे सगळे लहान रेणूंचे घोळके आहेत असं बहुतेक रसायनशास्त्रज्ञ धरून चालले होते. 1920 साली हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन माणसाने लिहिलं की नाही, या साखळ्या आहेत, एकाला एक जोडलेल्या, हजारो कड्यांच्या. त्याचं म्हणणं मान्य व्हायला वर्षं गेली. 1953 मध्ये त्याला नोबेल मिळालं तेव्हा तो 72 वर्षांचा होता. दहावीच्या आपल्या पुस्तकात या साखळ्यांना महारेणू आणि बहुवारिकं म्हटलं आहे. बहुवारिक हा शब्द मी पुष्कळ वर्षं फळ्यावर लिहिला आणि मुलांनी वहीत उतरवला. तो कुणाच्याही तोंडात रुळलेला मी ऐकला नाही. चीक मात्र न शिकवता सगळ्यांना येत होता.

माझं माहेर घाटावरचं, जुन्नरकडचं. तिथे चीक म्हटला की आधी आठवतो कुरडयांचा. उन्हाळ्यात गहू तीन दिवस भिजत पडायचे, रोज पाणी बदलायचं, घरभर आंबूस वास. मग आई ते वाटायची, फडक्यातून पिळायची आणि पातेल्यात दुधासारखा चीक रात्रभर निवळत ठेवायची. पहाटे वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी पांढरा शुभ्र थर. तो मीठ-हिंगाच्या उकळत्या पाण्यात सोडून आई आणि आत्या आळीपाळीने घोटायच्या. एका विशिष्ट वेळी त्या पांढऱ्याचा रंग जाऊन ते काचेसारखं होई, आणि घोटणीला असं धरून बसे की आईच्या दंडाची शीर दिसायची. आम्ही पोरं वाट्या घेऊन भोवती. गरम चीक, वरून तेलाची धार. तो ओठापासून वाटीपर्यंत लांबायचा, मान मागे करून तोडावा लागायचा.

दुसरा चीक गाय व्यायल्यावरचा, ज्याचा खरवस होतो. तिसरा झाडाचा, म्हणजे वडाचा, उंबराचा, रुईचा, फणसाचा. एका शब्दात तीन वस्तू. लहानपणी मला वाटायचं की तिन्ही पांढरे म्हणून एक नाव. पण दूधही पांढरं आहे, चुन्याची निवळी ढवळली तर तीही पांढरी; त्यांना कुणी चीक म्हणत नाही. गव्हाच्या चिकात पिष्टाच्या साखळ्या असतात, खरवसाच्या चिकात प्रथिनांच्या, आणि झाडाच्या चिकात, निदान रबराच्या झाडाच्या तरी, आयसोप्रीन नावाच्या कड्यांच्या. कड्या निराळ्या, साखळीपण एकच. शिजवलं, वाफवलं, वाळवलं की तिन्ही धरतात, बसतात, ताणले जातात. श्टाउडिंगर ज्या वस्तू एका घरात बसवायला झगडला, त्या आपल्या बायकांनी आणि गुराख्यांनी नुसत्या बोटांनी चाचपून एका नावाखाली ठेवल्या होत्या. चिकट आणि चिकाटी हे शब्द त्याच घरातले. याला मी विज्ञान म्हणणार नाही. कड्या कुठल्या, किती, कशा जोडलेल्या, हे बोटांना कळत नाही आणि ते कळण्यातच विज्ञान आहे. पण विज्ञान जिथून सुरू होतं ती जागा हीच, असं मला आता ठामपणे वाटतं. त्या मुलीने मला तिथे बोलावलं होतं, आणि मी तिला दुकानाकडे पाठवलं.

मार्चमध्ये पुन्हा गेले तेव्हा पिशवीत रबरबँड होते. हा प्रयोग बिनखर्चाचा आणि मला सर्वांत प्रिय. रबरबँड दोन बोटांत धरून झटकन ताणायचा आणि ताणलेलाच वरच्या ओठाला लावायचा. गरम लागतो. थोडा वेळ ताणलेलाच ठेवून मग सैल सोडायचा आणि लगेच ओठाला लावायचा. गार लागतो. सैल रबरात साखळ्या वेड्यावाकड्या वळवळत असतात. ताणलं की सरळ व्हावं लागतं, वळवळीला जागा राहत नाही आणि ऊब बाहेर पडते. हे पहिल्यांदा नोंदवणारा जॉन गफ हा इंग्लंडातल्या केंडल गावचा माणूस, 1805 चा. लहानपणी देवी येऊन त्याची दृष्टी गेली होती. त्याला जे कळलं ते ओठांनी कळलं. हे सांगितल्यावर साऱ्या वर्गाने डोळे मिटून पुन्हा एकदा रबरबँड ओठाला लावला; मी तसं सांगितलं नव्हतं.

रिबिनीवाल्या मुलीने या वेळी काही विचारलं नाही. मीच तिला म्हटलं, “त्या दिवशी तू विचारलंस ना, कुठल्या झाडाचा? शाळा उघडली की मला तुमच्या झाडांचे चीक दाखवायचे.”

आणि जूनमध्ये त्यांनी दाखवले. पहिला पाऊस होऊन गेलेला, शेतांत राबाच्या जागी दाढ टाकलेली, व्हरांड्यात चिखलाची पावलं. पानांच्या द्रोणांत, करवंट्यांत, काड्यांवर, जुन्या औषधाच्या बाटलीत त्यांनी चीक आणले होते. वड, उंबर, पपई. एकाने रुई आणली होती. ती मी ताबडतोब बाजूला काढली, कारण रुईचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा होते. हे बहुतेकांना माझ्याआधी ठाऊक होतं. आणणाराच तेवढा लहान होता. फणसाचा चीक एका काडीवर गुंडाळून गुंडाळून लिंबाएवढा केलेला. त्याला हात लावायच्या आधी मुलीने बोटांना खोबरेल चोळून घेतलं, आणि ते पाहून मला विचारता आलं: पाणी का नाही, तेलच का? पाण्याने तो सुटत नाही हे सगळ्यांना माहीत. का सुटत नाही, यावर मग अर्धा तास गेला. शेजारी फेब्रुवारीतल्यासारखा टाकणखाराचा नवा गोळा केला आणि दोन्ही पाण्यात टाकले. आमचा गोळा बुळबुळीत होऊन विरघळायला लागला, फणसाचा चीक तसाच. “मग झाडाचा भारी,” असा निकाल लागला.

मी त्यांना मेक्सिकोकडची गोष्ट सांगितली. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथले लोक रबराच्या झाडाच्या चिकात रात्री फुलणाऱ्या एका वेलीचा रस मिसळत आणि घट्ट झालेल्या चिकाचे उसळणारे चेंडू करत. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये गंधक घालून रबराच्या साखळ्या कायमच्या बांधल्या, त्याच्या कितीतरी आधी हे चाललं होतं. वेलीचं नाव निघताच मागे बसलेला एक कातकरी मुलगा उठून निघून गेला. मला वाटलं कंटाळला. तो कुंपणावरून ओंजळभर पानं तोडून परत आला. वासनवेल. करवंटीतल्या पाण्यात त्याने ती पानं चुरचुरून चोळली, हिरवं पाणी गाळून घेतलं, चोथा फेकला, आणि करवंटी माझ्यासमोर ठेवून म्हणाला, “आता हलवायचं नाही.” आम्ही तीसेक माणसं एका करवंटीकडे बघत बसलो. थोड्या वेळाने त्याने ती तिरपी केली. पाणी पडलं नाही. हिरवी, थरथरणारी वडी झाली होती. त्याने नखाने तिचे चार तुकडे केले. फेविकॉल नाही, टाकणखार नाही, चूल नाही. पानातल्या लांब साखळ्यांनी पाण्याला जाळ्यात धरून ठेवलं होतं. इतकी वर्षं ही वेल माझ्या घराच्या कुंपणावर चढते आहे आणि मी ती उपटून टाकते आहे. त्या मुलाला मी माझ्या खुर्चीवर बसवलं. त्या दिवशी ती खुर्ची त्याचीच होती.

आणि भोकरं. पिकून गुलाबीसर झालेली, दाबली की आतून काचेसारखा चिकट बलक येणारी भोकरं. कच्ची लोणच्याला जातात. पिकलेल्यांच्या बलकाने मुलं पतंगाचा कागद चिकटवतात. एका चिठोऱ्यावर बलक लावून दुसरा चिठोरा दाबला, मग ओढून बघितला: मध्ये शेकडो बारीक तंतू. घरी आल्यावर मी भोकराची जुनी नावं बघायला पुस्तक उघडलं. श्लेष्मातक, शेलू, आणि अमरकोशात दिलेलं आणखी एक नाव: बहुवारक.

मी ते दोनदा वाचलं. बहुवारिक हा शब्द मी जन्मभर फळ्यावर लिहिला, परका आणि जड समजून, परीक्षेपुरता. आणि त्याच्या इतक्या जवळचं नाव हजार-दीड हजार वर्षांपूर्वीपासून एका चिकट फळाच्या झाडाला आहे; ते झाड शाळेच्या मागे उभं आहे. परिभाषा घडवणाऱ्यांच्या मनात भोकर होतं असं मी म्हणत नाही. त्यांनी ‘पुन्हा पुन्हा’ या अर्थाने तो शब्द जुळवला असणार. हा योगायोगच. पण पुढच्या खेपेला मी फळ्यावर दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले आणि रिबिनीवालीला म्हटलं, “तू विचारलं होतंस ना, कुठल्या झाडाचा?” तिने खिडकीतून मागे बघितलं. या वेळी कुणी हसलं नाही.

लहानग्यांसाठी वेगळं आहे असं म्हटलं होतं, ते म्हणजे उकड. तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात घालून झाकण ठेवायचं, मग पाण्याचा हात लावून मळायचं. मोदक करणाऱ्या प्रत्येक घरात हे होतं. कच्चं पीठ थंड पाण्यात कालवलं तर लिंपण होतं, ताणलं जात नाही. सत्तरेक अंशांच्या पुढे पिष्टाचे कण फुगतात, फुटतात, साखळ्या बाहेर येऊन एकमेकींत गुंततात. पोरं बैल करतात, साप करतात आणि शेवटी खाऊन टाकतात, आणि मला काळजी करावी लागत नाही. आमच्या तालुक्यात तर भाताचं संशोधन केंद्र आहे, कर्जत 3, कर्जत 7 या जाती तिथल्याच. दोन घरांतलं दोन जातींचं पीठ आणलं तर एकाची उकड चिवट होते, दुसऱ्याची चिरते. साखळ्या सरळ किती आणि फाटे फुटलेल्या किती, त्यावर ते ठरतं. नवा तांदूळ चिकट, जुना मोकळा, हे मुलांच्या आज्यांना विचारावं. इथे एक नदीच पेज नावाची आहे, भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी घेऊन ती उल्हासला मिळते. तिच्या काठच्या शाळेत भाताची पेज हा विज्ञानाचा विषय व्हायला काही हरकत नसावी.

गवारीबद्दलही सांगायला हवं. 1976 मध्ये अमेरिकेत मॅटेल कंपनीने डब्यात भरलेला हिरवा बुळबुळीत गोळा खेळणं म्हणून विकला, स्लाइम या नावाने. शहरातल्या मुलांना हेच नाव ठाऊक असतं. त्यातला मुख्य पदार्थ गवारीच्या बियांचा डिंक, आणि बांधणारा आपला टाकणखारच. हे ऐकून एका मुलाने विचारलं, “भाजीची गवार?” हो, भाजीची. जगातली बहुतेक गवार आपल्याच देशात, राजस्थानाकडे पिकते.

आता खालापूरकडे वळायला हवं, कारण तिथल्या शाळांत याच प्रयोगाला दुसरं टोक आहे. खोपोलीच्या वीजघरातून, 1915 पासून, घाटावरचं पाणी पाताळगंगेत उतरतं. त्या नदीच्या काठी, मोहोपाड्याच्या बाजूला, कारखाने उभे राहिले. रसायनी हे एका गावाचं नावच झालं. 1982 पासून पाताळगंगेला रिलायन्सच्या कारखान्यात पॉलिस्टरचा धागा निघतो. चौकजवळच्या एका शाळेत मी गोळा ताणून दाखवत होते, पातळ पातळ होत तो केसाएवढा झाला, तेव्हा एक मुलगा म्हणाला, “माझे बाबा असा धागा गुंडाळतात.” आधी रस, मग बारीक भोकांतून सुतं, ती थंड करून ओढायची, ओढली की मजबूत होतात, इतकं तो बापाकडून ऐकून नीट सांगत होता. ओढल्याने साखळ्या एका दिशेला लागतात, म्हणून मजबूत. हे एवढंच मी पुरवलं. पेट्रोलियमपासून मिळणारे दोन लहान रेणू, एक आम्ल आणि एक ग्लायकॉल, हात धरून लांब होतात आणि पॉलिस्टर होतं. त्याच साखळीची पाण्याची बाटली होते, गणवेशाचा शर्ट होतो, रिबीन होते. त्या मुलाला आपल्या बापाच्या कामात शाळेतलं काही आहे हे कळलं, तेव्हाचा त्याचा चेहरा मी सांभाळून ठेवला आहे.

झाडाचं चांगलं आणि कारखान्याचं वाईट असं मी शिकवत नाही. साखळीला तो भेद नसतो, आणि खालापूरच्या कितीतरी घरांत चूल त्या धाग्यावर पेटते. पण एक फरक मोठा आहे आणि तो सांगून कळत नाही, म्हणून आम्ही कशेळ्याच्या त्या शाळेत जुलैच्या सुरुवातीला भोकराच्या झाडाखाली हातभर खोल खड्डा खणला. त्यात काय काय पुरायचं ते मुलांनीच ठरवलं: उकडीचा बैल, वासनवेलीची वडी पानात बांधून, टाकणखाराचा गोळा, फणसाच्या चिकाची काडी, सुती चिंधी, बाटलीची कापलेली पट्टी. रिबिनीवालीने एका वेणीची गाठ सोडली आणि रिबीन त्यात टाकली. मी म्हटलं, “अगं, दुसरं काहीतरी टाक.” ती म्हणाली, “दिवाळीनंतर काढायचंय ना?” वर दगड ठेवून खूण केली. मग आमचा पाऊस. तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो तो. लावणी झाली, गौरी येऊन गेल्या, भात कापून झालं. ती सगळे महिने एका वेणीला लाल रिबीन आणि दुसरीला रबरबँड लावून येत होती.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर खड्डा उकरला. बैल नव्हता, त्याच्या जागी मुंग्या होत्या. वडीचं पान नव्हतं आणि वडीही नव्हती. चिंधीचे चार धागे, बोट लावताच गेले. गोळ्याचं पांढरं सालपट राहिलं होतं, नखाने उचलता येईल एवढं. फणसाची काडी कुजली होती, पण चीक काळा पडून दगडासारखा बसला होता; तो एकाने खिशात घातला. बाटलीची पट्टी जशीच्या तशी. मुलांनी प्रत्येक वस्तू वहीत लिहून घेतली, काय राहिलं, काय गेलं, किती.

रिबीन सर्वांत शेवटी, मातीच्या ढेकळातून निघाली. मुलीने ती हापशाखाली धरली, दुसऱ्या मुलीने हापसलं. तांबडी माती वाहून गेली आणि आतला लाल रंग तसाच वर आला, एक सूतही सुटलेलं नव्हतं. तिने ती दोन्ही हातांत धरून ताणून बघितली, झटकली, आणि दुसऱ्या वेणीला बांधली.